सल्लागार परिषदेच्या सल्ल्याला उत्तर कोण देणार? गोवा विधानसभेच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सभापती आणि सर्व चाळीस सदस्य,
गोवा विधानसभा, पर्वरी.

विषय : राज्यात कायम स्वरूपाची त्रिपक्षीय (मालक, कामगार आणि सरकार यांची) सल्लागार परिषद स्थापन करून तिची कार्यपद्धती नियमांनी बांधून देण्याबाबत.

महोदय, महोदया,

फोंडा तालुक्यातील एका औद्योगिक वसाहतीत मी सव्वीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली अकरा वर्षे कारखान्याच्या वर्क्स कमिटीवर, म्हणजे मॅनेजमेंट आणि कामगार यांच्या संयुक्त समितीवर, कामगारांचा निवडून आलेला प्रतिनिधी होतो. आता निवृत्त आहे. कोणत्याही युनियनचा पदाधिकारी नाही, कोणत्याही पक्षाचा सभासद नाही, आणि हे पत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही. मालक, कामगार आणि सरकार यांनी एका टेबलाभोवती बसून बोलणे म्हणजे नेमके काय, आणि ते कधी केवळ सोपस्कार होऊन बसते, हे मी अगदी खालच्या पायरीवरून पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

निमित्त अर्थातच नव्या कामगार संहितांचे. एकोणतीस केंद्रीय कायदे रद्द करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. या संहितांत सल्लागार मंडळांची रेलचेल आहे. वेतन संहितेत राज्य सल्लागार मंडळ आहे, सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत राज्य सल्लागार मंडळ आहे, सामाजिक सुरक्षेच्या संहितेत असंघटित कामगारांसाठी राज्य मंडळ आहे, बांधकाम कामगारांचे कल्याण मंडळ तर आधीपासून आहेच. वेतनाच्या मंडळात मालक आणि कामगार समान संख्येने, स्वतंत्र व्यक्ती एकूण सदस्यांच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक नाहीत, एक तृतीयांश महिला आणि अध्यक्ष स्वतंत्र व्यक्तींमधून, अशी रचना कायद्यानेच सांगितली आहे. रचना चांगली आहे. परंतु असे मंडळ कधी भरणार, विषय कोण ठरवणार, कागद कोणत्या भाषेत येणार आणि दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय होणार, या प्रश्नांची उत्तरे रचनेत नसतात. ती कार्यपद्धतीच्या नियमांत असतात, आणि माझी विनंती मुख्यतः त्या नियमांविषयी आहे.

आपल्या देशात ही कल्पना नवी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ साली स्थापन झाली ती मुळातच त्रिपक्षीय; तिच्या वार्षिक परिषदेत प्रत्येक देशाचे दोन प्रतिनिधी सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा असतो. त्याच नमुन्यावर ७ ऑगस्ट १९४२ रोजी नवी दिल्लीत त्रिपक्षीय श्रम परिषद भरली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे नुकतेच श्रम सदस्य झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. कामगार कायद्यांत एकसूत्रता आणणे, औद्योगिक तंटे सोडविण्याची पद्धत घालून देणे आणि मालक व कामगार यांच्यामधल्या अखिल भारतीय महत्त्वाच्या प्रश्नांवर चर्चा करणे हे तिचे हेतू. त्याच बैठकीत परिषद आणि तिची स्थायी समिती अशी कायमची दुहेरी रचना ठरली. मोठी परिषद क्वचित भरते, म्हणून मधल्या काळात काम चालू ठेवायला छोटी समिती हवी, हे तेव्हाच ओळखले गेले होते. आज आपण तिला भारतीय श्रम परिषद म्हणतो.

ही परिषद केवळ सल्ला देते. तिचा ठराव कोणावर बंधनकारक नाही. मग तिचा उपयोग काय, असा प्रश्न मला आमच्या कारखान्यातली तरुण मुले नेहमी विचारत, आणि मी त्यांना १९५७ ची गोष्ट सांगत असे. त्या वर्षी जुलैमध्ये भरलेल्या पंधराव्या परिषदेने किमान वेतन कसे मोजावे याचे निकष एकमताने ठरवले. कमावत्या माणसामागे तीन पूर्ण माणसांचे खाणे धरायचे : पुरुष एक, स्त्री शून्य पूर्णांक आठ, दोन मुले प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. प्रत्येक प्रौढामागे दिवसाला २७०० कॅलरींचे अन्न. चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडे सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान दराने. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. स्त्रीचे पोट पुरुषापेक्षा लहान कसे, हा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला होता आणि त्याचे उत्तर मला आजही देता आलेले नाही; पण ते असो. मुद्दा असा की हा नुसता ठराव होता. सरकारने तो लगेच कायद्यात घातला नाही. पण तो आकड्यांत लिहिलेला होता, तिन्ही पक्षांच्या संमतीचा होता आणि छापलेला होता. म्हणूनच १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात तेच निकष उचलून धरले आणि मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. वेतन संहितेखाली केंद्राने काढलेल्या मसुदा नियमांत तेच ७२ वार कापड आता ६६ मीटर होऊन आले आहे. साठ वर्षे टिकलेला सल्ला दुसऱ्या मापात आजही हजर आहे.

बंधनकारक नसलेल्या शब्दाला वजन येते ते असे. तो नेमका असावा लागतो, सर्वांच्या देखत झालेला असावा लागतो आणि पुढच्या माणसाला सापडेल अशा जागी लिहिलेला असावा लागतो. "कामगारांच्या हिताचा सहानुभूतीने विचार व्हावा" अशा ठरावांच्या कितीतरी इतिवृत्तांवर मी स्वतः सही केली आहे. त्यांतल्या एकाचाही उपयोग पुढे कोणालाही, कधीही झाला नाही.

आता दुसरी बाजू. याच भारतीय श्रम परिषदेचे सेहेचाळिसावे अधिवेशन २० आणि २१ जुलै २०१५ रोजी झाले, आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी सत्तेचाळिसावे भरले नाही. वेतन संहिता २०१९ साली आणि उरलेल्या तीन संहिता २०२० साली संसदेत मंजूर झाल्या त्या याच खंडात. स्वातंत्र्यानंतरचा कामगार कायद्यातला सर्वांत मोठा फेरफार झाला आणि त्यासाठीच जन्मलेली परिषद त्या काळात एकदाही बसली नाही. ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपात केंद्रीय कामगार संघटनांच्या तक्रारींत ही एक होती. यात कोणी कायदा मोडला असे म्हणता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. परिषद अमुक महिन्यात भरलीच पाहिजे असे सांगणारा कायदाच नाही. त्रिपक्षीय विचारविनिमयाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार भारताने १९७८ साली मंजूर केला आहे. त्यात वर्षातून किमान एकदा विचारविनिमय व्हावा असे म्हटले आहे, पण तो आंतरराष्ट्रीय श्रम मानकांशी संबंधित विषयांपुरता. भारतीय श्रम परिषद कोणत्या दिवशी बोलवावी हे त्यात नाही. बोलावणे ज्याच्या मर्जीवर आहे त्याला कधी वेळ मिळत नाही, एवढेच झाले.

गोव्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. त्या परिषदेत बसायला केंद्रीय संघटना म्हणून मान्यता लागते. त्यासाठी लाखांच्या घरात सभासद आणि अनेक राज्यांत, अनेक उद्योगांत पसारा लागतो. सभासदसंख्येची शेवटची पूर्ण झालेली पडताळणी ३१ डिसेंबर २००२ या तारखेची आहे, हे जाता जाता सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या राज्याची सगळी लोकसंख्याच साडेचौदा लाखांच्या आसपास. केवळ गोव्यात काम करणारी संघटना, मग ती इथल्या कामगारांत कितीही खोल रुजलेली असो, दिल्लीच्या त्या टेबलापर्यंत स्वतःच्या नावाने कधीच पोहोचू शकत नाही. म्हणून राज्याचे टेबल आम्हांला दिल्लीच्या टेबलाची छोटी नक्कल म्हणून नको आहे. आमच्यासाठी ते एकमेव टेबल आहे.

अशा परिषदा इतर देशांत कशा चालतात हे मी निवृत्तीनंतर सवडीने वाचले. तीन उदाहरणे देतो, कारण तिन्हींत सरकारची खुर्ची वेगवेगळ्या जागी आहे.

नेदरलँड्समध्ये १९५० पासून सामाजिक आणि आर्थिक परिषद आहे. तिचे तेहतीस सदस्य : अकरा मालकांचे, अकरा कामगारांचे आणि अकरा सरकारने नेमलेले तज्ज्ञ. तिथे सरकार स्वतः बसतच नाही; नेमलेले तज्ज्ञ सरकारच्या सूचनेने मत देत नाहीत. समित्या बंद दाराआड काम करतात, कारण उघड्यावर कोणी आपली भूमिका सोडत नाही. आणि शेवटची पूर्ण बैठक जाहीर असते, कारण ठरलेले काय ते लोकांना कळले पाहिजे. परिषदेकडे स्वतःचे कचेरीतले अभ्यासू कर्मचारी आहेत. सामाजिक-आर्थिक धोरणावर तिचा सल्ला घेणे सरकारवर १९९५ पर्यंत कायद्याने सक्तीचे होते. नंतर ती सक्ती गेली.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपताच १९९४ च्या कायद्याने राष्ट्रीय आर्थिक विकास आणि श्रम परिषद स्थापन झाली. तिथे सरकार टेबलावर बसते, आणि बाजू तीन नसून चार आहेत. चौथी बाजू समाजाची : स्त्रिया, युवक, अपंग, नागरी संघटना, सहकारी संस्था. कामगार बाजारपेठेविषयीचे प्रत्येक विधेयक संसदेत येण्याआधी या परिषदेपुढे आलेच पाहिजे असे तिचा कायदा सांगतो. तिथल्या राष्ट्रीय किमान वेतनावरचा करार फेब्रुवारी २०१७ मध्ये याच परिषदेत झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून ताशी वीस रँडचे वेतन लागू झाले. या परिषदेवर फार वेळ खाते अशी टीका होते, आणि ती टीका अगदीच खोटी नाही.

तिसरे उदाहरण पोर्तुगालचे, आणि गोवेकर म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. सालाझारच्या राजवटीत लिस्बनमध्ये एक कॉर्पोरेटिव्ह चेंबर होते. शेती, उद्योग, व्यापार, चर्च, नगरपालिका, सगळ्या "हितसंबंधांचे" प्रतिनिधी त्यात बसत आणि विधेयकांवर आपली मते लेखी देत. कागदावर पाहिले तर सामाजिक संवादाचा याहून नेटका नमुना सापडणार नाही. आणि त्याच राजवटीने १९३३ साली स्वतंत्र कामगार संघटना मोडून संप बेकायदा ठरवला होता. जो संप करू शकत नाही, आपला पुढारी आपण निवडू शकत नाही, त्याचा प्रतिनिधी तिथे कोणाच्या वतीने बोलत होता? आमच्या वडीलधाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक होते. परवानगीवाचून सभा घेता येत नव्हती, म्हणूनच १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नुसते बोलायला उभे राहणे ही चळवळ ठरली.

एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालने नव्याने सुरुवात केली आणि १९८४ साली सामाजिक समन्वयाची कायम परिषद स्थापन केली. तिचे अध्यक्षपद खुद्द पंतप्रधानांकडे असते. दोन कामगार महासंघ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला उद्योग, व्यापार, शेती आणि पर्यटन यांचे स्वतंत्र मालक महासंघ. पर्यटनाला तिथे स्वतःची खुर्ची आहे, हे आपण टिपून ठेवावे. दोनांपैकी मोठा कामगार महासंघ पुष्कळदा करारावर सही करायला नकार देतो, पण खुर्ची सोडत नाही. डिसेंबर २००६ मध्ये सगळ्यांनी मिळून ठरवले की किमान वेतन २०११ पर्यंत महिना ५०० युरोंवर न्यायचे. २०११ उजाडले, देश कर्जाच्या संकटात सापडला आणि वेतन ४८५ युरोंवर अडकले; ५०५ व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडावा लागला. वचन पाळले गेले नाही. पण पंधरा युरो कमी पडले हे तिथला कोणताही कामगार आकड्यानिशी सांगू शकत होता, कारण वचनच आकड्यात होते.

आता आमच्या वर्क्स कमिटीविषयी. औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात ती असावी अशी तरतूद होती. नव्या संहितेतही आहे. निम्मे प्रतिनिधी मॅनेजमेंटचे, निम्मे कामगारांचे. आमची बैठक कॅन्टीनच्या मागच्या खोलीत होत असे. विषयपत्रिका पर्सोनेल खात्यातून यायची, बहुधा आदल्या संध्याकाळी, आणि इंग्रजीत. चहाचा दर्जा, चपलांचे रॅक, गणवेशाचे कापड, चवथीची सुट्टी. माझ्या अकरा वर्षांत कंत्राटी कामगारांची संख्या चाळीसवरून आमच्या कायम कामगारांच्या वर गेली. त्यांना आमच्याच मशीनवर आमच्या निम्म्याहून कमी पगार होता. तो विषय मी तीनदा काढला आणि तीनदा मला सांगण्यात आले की तो विषयपत्रिकेत नाही. विषयपत्रिकेत तो कसा घालायचा, याचे उत्तर मिळाले नाही. एका सोमवारी आम्ही बिस्किटांच्या ठेक्यावर पाऊण तास बोललो आणि त्याच गुरुवारी फाटकावर ले-ऑफची, म्हणजे कामगारांना तात्पुरते कामावरून बसवण्याची, नोटीस लागली. आमच्यासमोर बसलेल्या चारही अधिकाऱ्यांना ती सोमवारीच ठाऊक असणार. मी त्यांना दोष देत नाही. सांगायचे बंधन त्यांच्यावर नव्हते.

त्याच कमिटीने एकदा चांगले कामही केले. एक नवा अधिकारी आला होता, त्याने आठ दिवस आधी उत्पादनाचे आणि पाळ्यांचे तक्ते मराठीत करून आम्हांला दिले. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची आणि त्या रस्त्याची शेवटची बस दहा चाळीसला निघून जायची. तक्ते पाहून आमच्यातल्या एका जुन्या फिटरच्या लक्षात आले की दोन पाळ्यांच्या मध्ये मशीन धुण्यात जो वेळ जातो तो पहिल्या पाळीच्या सुरुवातीला सरकवता येईल. पाळी अर्धा तास आधी सुटू लागली. कंपनीला एक पैसा खर्च आला नाही आणि कामगारांची रोजची चार किलोमीटरची रात्रीची पायपीट वाचली. माणसे तीच, खोली तीच, चहाही तोच. फरक फक्त एवढा पडला की कागद वेळेवर आणि कळेल अशा भाषेत आले होते.

राज्याच्या परिषदेचे हेच होईल, चांगलेही आणि वाईटही.

तिच्यात कोण बसणार हा प्रश्न गोव्यात सोपा नाही. खाणींचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यात खाणी थांबल्या. मधल्या पाच आठवड्यांत डिचोली, सांगे, केपे भागांतल्या प्रत्येक गटाने आपापले निवेदन घेऊन वेगवेगळी दारे ठोठावली. खाण कंपनीचा कायम कामगार वेगळा, ठेकेदाराचा माणूस वेगळा, बार्जवाला वेगळा. ज्याचा स्वतःचा एकच ट्रक आहे आणि जो तो स्वतः चालवतो, त्याला मालकांच्या बाजूला बसवायचे की कामगारांच्या? त्याने बँकेचे कर्ज काढले आहे म्हणून तो मालक, आणि त्याला दर ठरवायचा अधिकार नाही म्हणून तो कामगार. ज्या शेतकऱ्याच्या शेतात खाणीचा गाळ उतरला तो तर दोन्हीकडे बसत नाही. २०१२ सालीही हेच घडले होते. दोन्ही वेळा न्यायालय काय म्हणेल यावर सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि खाण बंद झाली तर पुढचे वर्ष कसे काढायचे यावर या सगळ्यांना एकत्र बसवणारी जागा राज्यात नव्हती. मला दक्षिण आफ्रिकेची चौथी बाजू या ठिकाणी पटते. गाळ उतरलेल्या शेतकऱ्याला आणि एकट्या ट्रकवाल्याला तिथे जागा होऊ शकते.

मासेमारीचे तसेच. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस ट्रॉलर बंद असतात. खलाशी बहुतेक परराज्यांतले. त्या दिवसांत ते गावी गेलेले असतात. परिषदेची बैठक जूनमध्ये ठेवली तर त्यांच्या खुर्चीवर कोणी नसेल. डिसेंबरात ठेवली तर हॉटेलातला कामगार सुटणार नाही. बैठकीची तारीख ठरवणे हाही कोणाला ऐकायचे याचा निर्णय असतो. घरकाम करणाऱ्या बायका, बांधकामावरचे कामगार, मोबाइलवर हुकूम घेऊन जेवण पोहोचवणारी मुले यांची तर पुष्कळदा संघटनाच नसते. संघटना नाही म्हणून प्रतिनिधी नाही, असे म्हणून हा प्रश्न मिटवू नये.

आपल्या पूर्वजांच्या गावकरीचे, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या जुन्या संस्थेचे, दाखले देऊन काही जण म्हणतील की गोव्याला एकमताने कारभार करायला कोणी शिकवायला नको. गावकरीच्या चालीरीती १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदलेल्या आहेत आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण त्या बैठकीत गावकर बसत. कूळ, मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा), कुणबी आणि बाया बाहेर असत. कुळांना १९६४ च्या कायद्याने आणि मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने जे मिळाले ते आत बसलेल्यांच्या एकमताने मिळालेले नव्हते. त्यासाठी विधानसभेला कायदा करावा लागला. हा दाखला मी आपल्याच सभागृहाच्या श्रेयासाठी देत आहे.

म्हणून माझी विनंती अशी. वेगवेगळ्या संहितांखालची मंडळे आपापले काम करोत, पण त्यांच्या वर एक राज्य त्रिपक्षीय सल्लागार परिषद असावी आणि तिची स्थापना सरकारी आदेशाने न करता या सभागृहाच्या कायद्याने व्हावी, म्हणजे ती मोडायलाही याच सभागृहात यावे लागेल. वर्षातून चार बैठकांच्या तारखा कायद्यातच असाव्यात. कोणी बोलावले नाही तरी त्या दिवशी परिषद भरलेली मानली जावी आणि सचिवाने दार उघडावे. कोणत्याही एका बाजूच्या एक तृतीयांश सदस्यांनी लेखी मागितलेला विषय विषयपत्रिकेत घालावाच लागावा. माझ्या तीन फुकट गेलेल्या प्रयत्नांनंतर या एका कलमावर मी सर्वांत अधिक जोर देतो. कागदपत्रे पंधरा दिवस आधी कोकणी आणि मराठीत मिळावीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने या दोन्ही भाषांना जे स्थान दिले आहे ते बैठकीच्या टेबलापर्यंत पोहोचू द्यावे. कामगार प्रतिनिधीला बैठकीच्या दिवसाचा पगार आणि प्रवासखर्च मिळावा, नाहीतर केवळ पूर्णवेळ पुढारीच येतील.

आणि सर्वांत महत्त्वाचे : परिषदेने दिलेल्या प्रत्येक लेखी सल्ल्यावर सरकारने साठ दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि सल्ला व उत्तर दोन्ही सभागृहाच्या पटलावर ठेवावीत. सल्ला मानावाच असे मी म्हणत नाही. निवडून आलेल्या सरकारला नाकारण्याचा अधिकार असलाच पाहिजे. अन्यथा न निवडलेली तीस माणसे राज्य चालवतील, आणि तेही मला नको आहे. नाकारताना कारण लिहावे, एवढेच. एकमत झाले नाही तर मतभेद कुठे आहे ते नावानिशी नोंदवून कागद पुढे जावा. त्यामुळे वेळ खाण्याची भीतीही राहत नाही, कारण अडवून धरणाऱ्याच्या हाती आपला विरोध नोंदवण्यापलीकडे काही उरत नाही.

सरकारची खुर्ची कुठे असावी, याविषयी माझे मत पोर्तुगालच्या बाजूने झुकते, पण पूर्णपणे नाही. नेदरलँड्ससारखे सरकार बाहेर ठेवले तर आपल्या लहानशा राज्यात तो सल्ला पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनातल्या कामगार खात्याच्या एखाद्या कपाटात जाऊन पडेल. ज्या मंत्र्याने चर्चा ऐकली नाही तो तिचे उत्तर काय देणार? म्हणून कामगार मंत्री बसावेत, बोलावेत, पण अध्यक्ष स्वतंत्र असावा, जसा वेतन संहितेने मंडळासाठी सांगितला आहे. निवृत्त न्यायाधीश किंवा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक चालेल. मालकांच्या बाजूने १९०८ पासून काम करणारे गोवा चेंबर आहेच. पण पोर्तुगालप्रमाणे हॉटेल व्यवसायाला आणि त्याशिवाय ट्रॉलर मालकांना स्वतंत्र जागा असावी, कारण वेर्ण्याच्या औषध कारखान्याचा मालक कळंगुटच्या हॉटेलवाल्याच्या वतीने हंगामी कामगारांविषयी बोलू शकत नाही. कामगारांच्या जागांपैकी काही कंत्राटी आणि परराज्यांतल्या कामगारांसाठी राखाव्यात, आणि त्या कशा भरायच्या यासाठी पहिली दोन वर्षे प्रयोग करून पाहावा. याचे तयार उत्तर माझ्याकडे नाही.

एक शंका मला काही मालकमित्रांनी बोलून दाखवली : अशा परिषदेने संप वाढतील. माझा अनुभव उलट आहे. आमच्या कारखान्यातला एकमेव संप त्या ले-ऑफच्या नोटिशीनंतर झाला. समेट अधिकाऱ्यापुढे तीन बैठका झाल्या आणि शेवटी जे ठरले ते, मागणी असलेल्या महिन्यांपर्यंत काम वाटून घेण्याचे, त्या सोमवारी बिस्किटांऐवजी बोललो असतो तरी ठरले असते. मधले एकोणीस दिवस दोघांचेही गेले.

वरील सूचनांवर आधारलेला नियमांचा नऊ पानी मसुदा मी मराठीत तयार केला आहे. एका निवृत्त कामगार कायदा सल्लागारांनी तो तपासून दिला असून त्यांच्या सूचनांप्रमाणे दोन कलमे बदलली आहेत. पुढील अधिवेशनाआधी तो सभापतींच्या कार्यालयात चाळीस प्रतींसह पोहोचवीन. कोणा सदस्याला तो खासगी विधेयक म्हणून मांडावासा वाटल्यास माझी काहीच हरकत नाही; कोणा सदस्याला त्यात चूक आढळल्यास ती समासात लिहून प्रत परत पाठवावी, मी दुरुस्त करून पुन्हा देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त कामगार,
फोंडा, गोवा.